बारा दिवसांचा मुक्काम : झाडीपट्टीतील एका सर्कशीचे प्रकरण

हे प्रकरण झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातील धानाच्या पट्ट्यातले; चंद्रपूर जिल्ह्यात, चिमूर आणि नागभीड तालुक्यांच्या सीमेलगत असलेल्या एका बाजारगावचे आहे. टाळेबंदीचे सारे निर्बंध उठल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, जानेवारी २०२३ मध्ये, एक लहान सर्कस तेथे बारा दिवसांच्या मुक्कामाला आली आणि तो त्या कंपनीचा विदर्भातील शेवटचा मुक्काम ठरला. मी त्या गावच्या शाळेत शिक्षक होतो. निवृत्तीनंतर गावातील नाट्य मंडळाचा जमाखर्च माझ्याकडे आहे. सर्कशीच्या अर्जांचे मसुदे मी लिहून दिले आणि त्यांतील एक चूकही माझीच होती, म्हणून हे टिपण त्रयस्थाचे असल्याचा आव मी आणणार नाही. गावाचे, कंपनीचे आणि माणसांचे नाव मात्र मुद्दाम वगळले आहे.

सर्कस का संपत चालली, याचे उत्तर आमच्या पारावर केव्हाच ठरून गेले आहे. वाघ-सिंह गेले, हातात मोबाइल आला, आता तंबूत जाऊन कोण बसणार? बारा दिवस जवळून पाहिल्यानंतर हे उत्तर मला अपुरे वाटू लागले. त्याच गावात, त्याच मुक्कामाच्या काळात, त्याच लोकांनी सर्कशीच्या दुप्पट दराचे तिकीट काढून रात्रभर नाटक पाहिले, आणि मोबाइल त्यांच्यापैकी बहुतेकांच्या खिशात होता.

कंपनी आणि तिची वाट

कंपनी लहानच होती : दोन मोठ्या खांबांचा तंबू, तीन ट्रक, एक जनरेटर, चाळीसेक माणसे आणि शिकवून तयार केलेली पाच कुत्री. व्यवस्थापक सांगलीकडचे होते आणि सर्कस त्यांच्या घरात आजोबांपासूनची होती. यात नवल नाही. भारतीय सर्कशीचे जनक मानले जाणारे विष्णुपंत छत्रे हे त्याच भागातील अंकलखोपचे. चियारिनी या इटालियन सर्कसवाल्याचे खेळ मुंबईत पाहून ते ईर्षेला पेटले आणि २० मार्च १८८० रोजी त्यांनी आपल्या कंपनीचा पहिला खेळ केला. त्यांच्याच संपर्कातून केरळातील तेलिचेरीचे कीलेरी कुंजिकण्णन या विद्येकडे वळले आणि १९०१ मध्ये त्यांनी तेथे सर्कशीची शाळा काढली. आमच्याकडे आलेल्या कंपनीत मालक मराठी आणि झुल्याचे उस्ताद मल्याळी अशी ती जुनी मांडणी अजून शिल्लक होती. व्यवस्थापकांच्या राहुटीत गणपतीच्या तसबिरीशेजारी पुण्याच्या दामू धोत्रे यांचे चित्र लावलेले होते. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या सर्कशीत जाऊन वाघ-बिबळ्यांचे खेळ करणारा हा मराठी माणूस गावातील एकालाही ओळखू आला नाही, याचे व्यवस्थापकांना वाईट वाटले. मला वाटले नाही, कारण मलाही तो त्यांनी सांगितल्यावरच कळला.

अशा कंपनीचा विदर्भातील हंगाम दिवाळीपासून चैत्रापर्यंतचा असे आणि तो यात्रांवर बेतलेला असे. परतवाड्याजवळच्या बहिरमची यात्रा, चिमूरची घोडायात्रा, महाशिवरात्रीला मार्कंडा, वणीची जत्रा आणि शेवटी चंद्रपूरची महाकाली, असे टप्पे त्यांच्या आजोबांच्या वहीत लिहिलेले मी स्वतः पाहिले. एका यात्रेचे मैदान सुटून दुसऱ्याचे लागेपर्यंत जे दहा-पंधरा दिवस उरत, ते आमच्यासारखी बाजारगावे भरून काढत. म्हणजे आमचे गाव कंपनीच्या मिळकतीचे ठिकाण कधीच नव्हते. मोठ्या दोन यात्रांमध्ये चाळीस माणसांचे पोट चालावे एवढ्यासाठीचा तो थांबा होता. व्यवस्थापकांच्या सांगण्यानुसार यात्रांतील मोठ्या जागा आता आकाशपाळणे, ब्रेकडान्स आणि मौत का कुआँ यांच्याकडे गेल्या होत्या, कारण तंबूला जेवढी जागा लागते तेवढ्या जागेत चार-पाच पाळणे बसतात आणि पाळणेवाला लिलावात तेवढी बोली लावू शकतो. अशा रीतीने मोठे टप्पे तुटले आणि थांबेच तेवढे उरले. या एका गोष्टीत प्रकरणाचे अर्धे मूळ आहे, असे मला वाटते.

मैदान

माझ्या लहानपणी सर्कस तलावाखालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांत, उतरे. पौषात धान निघालेले असे, बांध्या कोरड्या पडलेल्या असत आणि दोन-तीन शेतकऱ्यांना खेळाचे पास दिले की जागा मिळे. हत्तीला दुपारी मामा (माजी मालगुजारी) तलावावर आंघोळीला नेत, तेव्हा आम्ही शाळेतून पळून जाऊन पाळीवर बसत असू. कंपनीला वेगळ्या जाहिरातीची गरजच पडत नसे. आज त्याच बांध्यांत मोटारपंपांच्या पाण्यावर उन्हाळी धान घेतात. जानेवारीत तेथे रोपांसाठी पऱ्हे टाकलेले असतात, तंबू कोठे लागणार? गुरे जमायची ती आखराची जागा पाण्याची टाकी, सभागृह आणि घरकुले यांनी भरून गेली आहे. ऑक्टोबरमध्ये जागा पाहायला आलेला कंपनीचा माणूस गावाला दोन वेळा वळसा घालून माझ्याकडे आला. शाळेच्या मागचे मैदान तेवढे राहिले होते.

ते मैदान मुरमाड आहे. तंबू उभारण्याच्या दिवशी मी सकाळी साडेसहाला तेथे होतो, कारण शाळेची भिंत सांभाळण्याची जबाबदारी माझ्यावर आली होती. एका मेखेभोवती तीन खलाशी, म्हणजे तंबू उभारणारे कामगार, हातोडे घेऊन उभे राहत. पहिल्याचा घाव बसला की दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, आणि पुन्हा पहिल्याचा, इतक्या बेताने की एकाचा हातोडा उठताना दुसऱ्याचा खाली येत असे. सगळ्यांत म्हातारा खलाशी मोजणी म्हणत असे. ती हिंदी नव्हती, मराठी नव्हती आणि विचारल्यावर त्यालाही ती कोणत्या भाषेतील हे सांगता आले नाही. बांधीच्या मातीत मेख चाळीस-पन्नास घावांत जाते. मुरमात ती वीतभर जाऊन थांबली. मग सब्बलीने भोके पाडली, त्यांत पाणी ओतले, तासभर मुरू दिले आणि पुन्हा हातोडे सुरू झाले. दोन मेखा वाकल्या. दोन तासांच्या कामाला दिवस मोडला आणि तंबू उभा राहिला तेव्हा पाखरे झाडांवर परतली होती.

कागद

तंबू उभा राहिला, पण खेळ तीन दिवस सुरू झाला नाही. ग्रामपंचायतीचा ठराव होता, पोलीस ठाण्याचा अर्ज गेला होता, तात्पुरत्या वीजजोडणीचे पैसे भरले होते, तंबू आणि गॅलरी सुरक्षित असल्याचा दाखलाही मिळण्याच्या बेतात होता. मी अर्जात मैदान ग्रामपंचायतीचे म्हणून लिहिले. सातबारावर ते शाळेच्या संस्थेच्या नावे निघाले. त्या संस्थेचे ना-हरकत पत्र आणून सगळी फाईल पुन्हा पहिल्या टेबलावरून फिरवावी लागली. एकोणतीस वर्षे त्या शाळेत नोकरी करूनही मैदान कोणाच्या नावावर आहे हे मी पाहिले नव्हते. व्यवस्थापक मला एक शब्द वावगे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा घेताना ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, तंबू उभा राहिला की पोटं चाळीस. खेळ असो नसो."

सर्कशीच्या अर्थव्यवहाराचे मर्म त्या एका वाक्यात आले. नाटक कंपनी प्रयोग नसेल त्या दिवशी घरी असते, तिचा खर्च त्या दिवसापुरता थांबतो. सर्कशीचा खर्च मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी सारखाच असतो : तांदूळ, डाळ, डिझेल, मैदानाचे भाडे, ट्रकचे हप्ते. बारा दिवसांत चोवीस खेळ योजले होते. तीन दिवस गेले तेव्हा सहा खेळ गेले. कराचा बोजा फार, असेही गावात बोलले जात होते. त्यात तथ्य नाही. गॅलरीचे तिकीट शंभर रुपये आणि खुर्चीचे दीडशे होते, आणि २०१८ पासून पाचशे रुपयांपर्यंतच्या सर्कशीच्या तिकिटाला वस्तू व सेवा कर लागतच नाही.

रात्रीचा खेळ

खेड्यातील सर्कशीचा खरा खेळ रात्रीचा. माणूस वावरातून येतो, हातपाय धुतो, जेवतो आणि नऊ वाजता घराबाहेर पडतो. पूर्वी पंचक्रोशीतून बंड्या जुंपून लोक येत. साडेनऊला सुरू झालेला खेळ बारा-साडेबाराला सुटे आणि बंडीतच पोरे झोपी जात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावरच्या ध्वनिवर्धकाला बंदी घातली. कापडी तंबू हे बंदिस्त सभागृह नव्हे. बॅण्डशिवाय झुला म्हणजे मिठाशिवाय वरण, हे तंबूत बसलेल्या कोणालाही कळते, पण परवान्यावर स्पष्ट लिहिलेले होते. त्यामुळे खेळ दुपारी तीन आणि संध्याकाळी साडेसहा असे ठेवावे लागले. तीनला गाव शेतात आणि साडेसहाला चुलीपुढे. बाजाराचा दिवस आणि रविवार सोडले, तर गॅलरीच्या फळ्या मोकळ्याच राहिल्या.

सहाव्या दिवशी शेजारच्या गावाच्या रस्त्यावर वाघ दिसला. हा भाग ताडोब्याच्या कुशीतला. कोलाऱ्याचे प्रवेशद्वार चिमूर तालुक्यातच आहे आणि वाघ येथे बातमीचा विषय नसून शेजारी आहे. वन विभागाच्या गाडीने अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर न पडण्याची दवंडी दिली. त्या संध्याकाळी बाहेरगावचा एकही प्रेक्षक आला नाही. तिकीट खिडकीजवळ उभा असलेला आमच्या गावचा एक गुराखी म्हणाला, "वाघ बाहेर मोकडा फिरून रायला, तं सर्कस पाह्याले कोन येईन?" एके काळी वाघ पाहण्यासाठी लोक या तंबूत पैसे मोजून येत होते, हे तेथे उभ्या असलेल्या आम्हा दोघा-तिघांनाच ठाऊक होते.

जनावरे, मुले आणि जाळी

जनावरे गेली म्हणून सर्कस गेली, हे पारावरचे मत तारखांच्या कसोटीवर टिकत नाही. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यास केंद्र सरकारने १४ ऑक्टोबर १९९८ च्या अधिसूचनेने मनाई केली, आणि सर्कसवाल्यांच्या विरोधानंतर सर्वोच्च न्यायालयाने १ मे २००१ रोजी ती कायम ठेवली. प्रस्तुत कंपनी त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ चालली. वाघ गेल्यावर पहिले दोन हंगाम वाईट गेले, असे व्यवस्थापक सांगत. मग सायकलवरच्या कसरती, झुला आणि जोकर यांवर तंबू पुन्हा भरू लागला. पिंजऱ्यातील जनावरांचे हाल मी स्वतः पाहिलेले आहेत. बंदीबद्दल मला खंत नाही.

मुलांचा प्रश्न अधिक खोल गेला. झुल्याची कला सहा-सात वर्षांच्या वयात अंगात भिनवली जात असे, आणि ती भिनवण्याच्या नावाखाली गरिबांची पोरे, विशेषतः नेपाळकडच्या मुली, करारावर बांधून आणल्या जात. १८ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना राबवण्यास मनाई केली. तो निर्णय योग्यच होता. मात्र लहानपणापासून शिकवण्याची ती एकच पद्धत कंपन्यांना माहीत होती आणि तिच्या जागी दुसरी कोणी उभी केली नाही. या तंबूतील सर्वांत तरुण झुलेवाली तिशी ओलांडलेली होती. दुपारी ती राहुटीबाहेर बसून दाभणाने तंबूच्या कापडाला ठिगळे लावीत असे आणि संध्याकाळी टिकल्यांचा पोशाख घालून चाळीस फुटांवर जात असे.

झुल्याचे उस्ताद आता वर चढत नसत. त्यांचे काम जाळीचे. रोज ते जाळीखाली उताणे पडून एकेक गाठ बोटांनी चाचपत सरकत जात. सबंध जाळी व्हायला पाऊण तास लागे. शंका आली की गाठ सोडून नवी बांधत. ती गाठ कशी बांधतात हे मी चार दिवस पाहिले, हाताने करूनही पाहिले आणि मला जमली नाही. कंपनीत ती दुसऱ्या कोणाला येते का, असे विचारल्यावर त्यांनी शिकायला आलेल्या एका खलाशाचे नाव सांगितले. तो टाळेबंदीत गावी गेला आणि परतला नाही.

नाटक आणि तंबू

आठव्या दिवशी आमच्या मंडळाचे नाटक होते. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने झाडीपट्टीत नाटक ठेवण्याची रीत जुनी आहे. पट बंद असलेल्या वर्षांतही नाटके थांबली नव्हती. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे केंद्र असलेल्या वडशाची नाटक मंडळी दुपारी आली, गावाच्या दुसऱ्या टोकाला रंगमंच चढला, रात्री दहानंतर पडदा वर गेला आणि पहाटे चारला खाली आला. खुर्चीचे तिकीट सर्कशीच्या दुप्पट होते. बाया चटया आणि घोंगड्या घेऊन आल्या, जावई-पाहुणे आले, लेकी माहेरपणाला आल्या. सर्कशीचा संध्याकाळचा खेळ त्या दिवशी रद्द झाला, आणि कंपनीचे आठ-दहा लोक आमच्या मंडपात मागे उभे राहून नाटक पाहत होते. त्यांतील जोकर दुसऱ्या दिवशी मला म्हणाला की, इतकी माणसे एका जागी त्याने तीन वर्षांत पाहिली नव्हती.

दहाचा नियम नाटकालाही आहे. वर्षातील ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे आणि त्यापुढचा भाग गावाच्या समजुतीने पार पडतो. वाघही त्या रात्री त्याच रानात होता. मंडळाने शेजारच्या गावांसाठी ट्रॅक्टर लावले होते. परवानगी, जागा, वीज, राखण, पाहुण्यांचे जेवण, यांतील प्रत्येक गोष्टीला गावातील कोणी ना कोणी जबाबदार होते, कारण नाटक मंडळाने बोलावलेले होते आणि तिकिटे मंडळाने विकलेली होती. नाटक तोट्यात गेले असते तर गावाचे नाक कापले गेले असते. सर्कशीला कोणी बोलावलेले नव्हते. ती भाड्याने जागा घेऊन उतरली होती, तिची अडचण ही तिची एकटीची होती, आणि आम्ही प्रेक्षक म्हणून येऊ किंवा न येऊ एवढाच आमचा तिच्याशी संबंध होता. बंडी, बांधी आणि तलाव यांच्या काळात हा संबंध आपोआप अधिक दाट असे. ज्याच्या बांधीत तंबू असे, तो आपल्या सोयऱ्यांना निरोप धाडी. हत्तीला कोणाच्या तरी वाडीतला ऊस जाई. तो दाटपणा कोणी मुद्दाम जपलेला नव्हता, त्यामुळे तो गेल्याचेही कोणाच्या ध्यानात आले नाही.

शेवटचे दोन खेळ

नाटकाचा हिशेब बसवताना हे माझ्या लक्षात आले. मंडळाच्या बैठकीत मी सुचवले की शेवटच्या दोन दिवसांचे संध्याकाळचे खेळ मंडळाने ठोक घ्यावेत. तासभर वाद झाला. सर्कशीचे आपल्याला काय, असे दोघांनी स्पष्ट विचारले आणि त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. शेवटी मंडळाने नफा घ्यायचा नाही आणि नुकसानही सोसायचे नाही, अशा अटीवर ठरले. तिकिटांची पुस्तके सदस्यांत वाटली. नाटकाला गेलेलेच ट्रॅक्टर त्याच पाच गावांना गेले, परत पोचवण्याची हमी देऊन. खेळ साडेसहाऐवजी सातला ठेवला आणि साडेनऊला संपवला.

दोन्ही खेळ भरले. दुसऱ्या दिवशी तर गॅलरीच्या खालच्या पायरीपुढे ताडपत्री अंथरून मुलांना बसवावे लागले. कुत्र्यांच्या फुटबॉलला जो आवाज उठला, तो बॅण्डच्याही वर गेला. झुलेवालीचा हात एका फेरीत सुटला आणि ती जाळीत पडली. तंबू क्षणभर चिडीचूप झाला, ती उठून उभी राहिली, आणि मग लोक थांबेचनात. उस्ताद खाली, जाळीच्या कोपऱ्याशी, एका गाठीवर हात ठेवून उभे होते.

त्या दोन खेळांच्या उत्पन्नात पुढच्या मुक्कामापर्यंतचे डिझेल आणि किराण्याची उधारी निघाली. कलाकारांचा थकलेला पगार निघाला नाही. हा उपाय पहिल्या दिवसापासून केला असता तर काय झाले असते, याचे उत्तर एका गावावरून देता येणार नाही. आणि पंधरा गावांत पंधरा मंडळे अशी तयार होतील, असे म्हणण्याइतका मी भोळा नाही.

नंतर

मैदान सोडताना कंपनीने मेखांची भोके बुजवली होती, तरी शाळेच्या संस्थेने पाहणी करूनच मंडळामार्फत घेतलेली अनामत परत करायची असे ठरवले. ती रक्कम मार्च अखेरीस मंडळाकडे आली. मी व्यवस्थापकांना फोन केला तेव्हा ते सांगलीकडे, घरी होते. तंबूचे कापड आणि गॅलरीच्या फळ्या एका मंडप-डेकोरेशनवाल्याने घेतल्या होत्या आणि चार खलाशीही त्याच्याकडेच लग्नाचे मांडव घालायला लागले होते. कुत्री जोकराने नेली. जाळीला गिऱ्हाईक मिळाले नाही; ती घराच्या माळ्यावर होती. अनामत कोणत्या खात्यावर पाठवू, असे मी विचारले. ते थोडा वेळ बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "राहू द्या गुरुजी मंडळाकडेच. पुढच्या साली जागा धरायला लागेल."

मंडळाच्या वहीत ती रक्कम "सर्कस, मैदान आगाऊ" अशा नावाने अजून जमा आहे. दर वर्षी हिशेब तपासणारा तिच्याखाली पेन्सिलीने खूण करतो आणि ही नोंद काय म्हणून विचारतो.